लिस्बनमध्ये दोन दिवस, सोबत सत्तरीपुढचे आईवडील. ट्राम २८, बेलेम आणि सिंत्रा हे सगळं जमेल का?

सिंत्रा, म्हणजे लिस्बनबाहेरचं राजवाड्यांचं गाव, काढून टाका. नदीकाठच्या बेलेम भागाला एक सकाळ द्या, आणि जुन्या वस्तीतून फिरणाऱ्या ट्राम २८च्या रांगेत आईवडिलांना उभं करू नका. प्रश्नाचं सरळ उत्तर एवढंच. पण तुम्ही पुढे लिहिलंय, "वडिलांना इतिहासाची फार आवड आहे, पण ते थकतात, म्हणून मुख्य मुख्य ठिकाणं गाडीतूनच दाखवावीत असा विचार आहे." हे वाक्य वाचून मला राहवलं नाही, कारण अगदी हेच वाक्य मी माझ्या सख्ख्या भावाच्या तोंडून ऐकलेलं आहे.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, सरकारी नोकरीत बांधकाम अभियंता होते. त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम किल्लारीच्या भूकंपानंतरचं. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या सुमारास. आदल्या रात्री गणपतींचं विसर्जन झालेलं, माणसं दमून गाढ झोपलेली. अण्णा लगोलग तिकडे गेले आणि पुढे कित्येक महिने घरी फक्त कपडे बदलायला यायचे. तिथे काय पाहिलं ते घरात कधी बोलले नाहीत. भिंतींबद्दल मात्र बोलायचे. माळवदाची घरं, डोक्यावर मातीचं ओझं, दोन-दोन फूट रुंदीच्या दगडमातीच्या भिंती, आणि त्या भिंतींना आतबाहेर बांधून ठेवणारा एक थ्रू स्टोनसुद्धा नाही. कित्येक घरांत लाकडी खांब-तुळया उभ्या राहिल्या होत्या आणि भोवतालच्या भिंती ढासळून माणसं गाडली गेली. "लाकूड उभं होतं, त्याला भिंतीशी कुणी बांधलंच नव्हतं," हे मी लहानपणापासून ऐकत आलेय.

अशा माणसाला लिस्बनला नेलं तर काय दाखवायचं? दादाच्या यादीत बेलेमचा मनोरा होता, ट्राम होती, सिंत्र्याचा रंगीत राजवाडा होता. मध्यवस्तीतला बायशा हा भाग यादीत फक्त जेवणासाठी होता.

आता बायशा म्हणजे काय ते सांगते. १ नोव्हेंबर १७५५, सकाळी साडेनऊच्या पुढे. ख्रिस्ती लोकांचा सर्व संतांचा सण. गाव सगळं चर्चमध्ये, वेदीवेदीवर मेणबत्त्या पेटलेल्या. भूकंप झाला, छतं कोसळली, मेणबत्त्यांनी आगी लागल्या. जीव वाचवून माणसं नदीकाठच्या मोकळ्या जागेत पळाली, तर थोड्या वेळाने समुद्राची लाट तेजो नदीतून वर आली आणि काठावरच्यांना घेऊन गेली. आग पुढे पाच-सहा दिवस धुमसत होती. नदीकाठचा राजवाडा, त्यातला ग्रंथसंग्रह, त्याच वर्षी उघडलेलं ऑपेरागृह, हिंदुस्थानच्या व्यापाराचा कारभार पाहणारी कासा दा इंडिया ही कचेरी आणि तिथली दप्तरं, सगळं गेलं. वसई तेव्हा सोळा वर्षांपूर्वीच चिमाजी अप्पांनी घेतली होती, पण गोव्याचा कारभार इथूनच चालायचा. त्या व्यवहारांचे किती कागद त्या दिवसात गेले असतील याचा विचार करून मला अजून हळहळ वाटते.

राजा दों जुझे त्या दिवशी बेलेमला होता म्हणून वाचला. नंतर त्याने दगडी छताखाली राहायचं नाकारलं. दरबार आधी तंबूंत आणि मग अजुदाच्या टेकडीवर बांधलेल्या लाकडी महालात भरत असे. हे मी सांगितलं तेव्हा अण्णा म्हणाले, "बरोबर आहे. आपल्याकडेही लोक वर्ष वर्ष पत्र्याच्या शेडबाहेर पडायला तयार नव्हते."

आणि मग मॅन्युएल दा माया. लिस्बनला जाणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाने हे नाव लक्षात ठेवावं असं मला मनापासून वाटतं. वास्को द गामाचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे, तेवढं पुरे. दा माया राज्याचा मुख्य अभियंता. जन्म १६७७चा, म्हणजे भूकंपाच्या वेळी वय ७८. लिस्बनच्या किल्ल्याच्या ज्या बुरुजात राज्याचा दप्तरखाना होता तो बुरूज पडला, आणि त्या दप्तराचा प्रमुखही हाच. त्याने ढिगाऱ्यातून कागद काढून लाकडी शेडमध्ये हलवले. आज तोर्रे दु तोंबु या अभिलेखागारात जुने कागद पाहायला मिळतात ते त्यामुळे. आणि त्याच डिसेंबरात, म्हणजे महिन्याभरात, त्याने शहराचं काय करावं याचे पर्याय लिहून दिले: होतं तसंच बांधा, रस्ते रुंद करून बांधा, सगळं सपाट करून नव्या आखणीने बांधा, किंवा शहरच उचलून बेलेमकडे न्या.

अण्णांनी हे ऐकलं आणि रस्त्यातच थांबले. किल्लारीनंतर हाच वाद होता. जास्त पडलेली गावं नव्या जागी हलवायची की जुन्या जागी मजबूत करायची? ५२ गावं हलवली. अण्णांचं मत तेव्हाही होतं आणि अजूनही आहे की त्यातली काही हलवायला नको होती. दोनशे वर्षांहून आधी, परक्या देशात, आपल्याहून वयाने मोठ्या अभियंत्याने हीच फाईल लिहिली होती हे त्यांना त्या दिवशी कळलं.

ज्या दिवशी दादा-वहिनी आईला घेऊन सिंत्र्याला गेले, त्या दिवशी आम्ही दोघं बायशात राहिलो. रुआ दुस कोर्रैरुस या गल्लीत एका बँकेच्या इमारतीखाली उत्खननाची जागा आहे. गटागटाने, माहितगारासोबत आत सोडतात, तिकीट नाही, नोंदणी मात्र आधी करावी लागते. खाली रोमन काळातले मासे खारवायचे हौद आहेत. बहुतेक लोक हौदांसाठी जातात. अण्णा हौदांपाशी मिनिटभर थांबले असतील. ते अडकले पुढच्या भागात, जिथे भूकंपानंतरच्या इमारतींच्या पायाखाली ठोकलेले लाकडी खुंट दिसतात. नदीकाठची भुसभुशीत जमीन, तिच्यात पाइनच्या ओल्या लाकडाचे खुंट, आणि त्यांच्यावर अख्खी वस्ती.

अण्णांनी मला विचारायला लावलं, "पाण्याची पातळी कमी झाली का रे इथली?" मी इंग्रजीत विचारलं. सांगणारी मुलगी चमकली. कारण मुद्दा तोच आहे. लाकूड कायम पाण्यात राहिलं तर शतकानुशतकं टिकतं, ओलं-सुकं व्हायला लागलं की सडतं. शहरात भुयारं, तळघरं होत गेली की भूजल हलतं आणि पाया धोक्यात येतो. मग तिने बाकीच्यांना पुढे जाऊ दिलं आणि अण्णांना भिंतीतली रचना कागदावर काढून दाखवली. गायोला म्हणतात तिला: इमारतीच्या आत उभ्या-आडव्या लाकडांचा पिंजरा, मध्ये फुलीसारख्या तिरक्या दांड्या, आणि मधल्या जागा दगड-चुन्याने भरलेल्या. जमीन हलली की लाकूड लवतं, आणि बाहेरची भिंत पडली तरी पिंजरा उभा राहतो. नमुना बांधून भोवती सैनिकांना पाय आपटत चालवून तो तपासला, असं तिकडे सांगतात. दोन घरांच्या मधली भिंत छपरापेक्षा वर काढलेली, म्हणजे एकाची आग दुसऱ्याला लागू नये. खिडक्या-दारं ठरावीक मापाची, आधीच घडवून आणलेली.

अण्णांनी तो कागद हातात धरला आणि मला म्हणाले, "बांधलं होतं बघ यांनी. लाकूड भिंतीशी बांधलं होतं."

त्यानंतर आम्ही वर येऊन रुआ आगुस्तावर बसून राहिलो. येणाऱ्या-जाणाऱ्याला त्या इमारती साध्या वाटतात, एकसारख्या, पिवळट. अण्णा एकेक खिडकी मोजत होते. गुडघे दुखतायत असं त्या दिवसभरात एकदाही म्हणाले नाहीत.

संध्याकाळी दादा परत आला आणि म्हणाला, "एवढा खर्च करून आणलं, आणि तू त्यांना बँकेचं तळघर दाखवलंस?" तेव्हापासून प्रत्येक लग्नात, प्रत्येक दिवाळीला हा विषय निघतो. अण्णांनी काय काय "मिस" केलं याची यादी दादा पाहुण्यांना ऐकवतो. म्हणून इथे लेखी देते: अण्णांनी काहीही मिस केलेलं नाही. सिंत्र्याच्या राजवाड्याचे फोटो दादाच्या फोनमध्ये आहेत, आणि तो गायोलाचा कागद अण्णांच्या कपाटात आहे. वयस्कर माणूस थकतो तो रांगेत उभं राहून, बसमध्ये चढ-उतर करून. आवडीच्या गोष्टीपुढे तो तुमच्याआमच्यापेक्षा जास्त वेळ उभा राहतो.

तेव्हा तुमच्या दोन दिवसांचं मी असं करेन. पहिल्या सकाळी अझुलेजु म्हणजे फरशांचं संग्रहालय (उघडं आहे ना ते आधी बघा). मादरे दे देउस या जुन्या मठात आहे. तिथे १७००च्या सुमाराचं निळ्या-पांढऱ्या फरशांवर रंगवलेलं लिस्बन आहे, लांबी सुमारे २३ मीटर, भूकंपात गेलेल्या शहराचा नदीकाठ त्यात घराघरानिशी दिसतो. हे आधी पाहिलं की नदीकाठच्या मोठ्या चौकात उभं राहिल्यावर इथे काय होतं ते डोळ्यांपुढे येतं. मग चौक, बायशा, आणि रोसिउ चौकाच्या शेजारचं सांव दोमिंगोस चर्च. ते भूकंपात पडलं, परत बांधलं, १९५९मध्ये आतून जळलं. दुरुस्त करताना छत नवं घातलं, पण भाजून फुटलेले खांब तसेच ठेवले. बाहेर १५०६मध्ये मारल्या गेलेल्या ज्यू लोकांचं स्मारक आहे. जवळच नाट्यगृह दिसेल, त्या जागी पूर्वी इन्क्विझिशनचा, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाचा, वाडा होता. गोव्यात १५६०मध्ये जे सुरू झालं त्याचे वरिष्ठ इथे बसत, हे वडिलांना जरूर सांगा.

चढाचं म्हणाल तर पायऱ्या टाळता येतात. बायशा-शियादु मेट्रो स्टेशनचे सरकते जिने तुम्हाला खालून थेट वरच्या शियादु भागात काढतात. तिथून कार्मुचं बिनछपराचं चर्च जवळ आहे, कमानी आकाशाखाली उभ्या ठेवल्या आहेत. सांता जुश्ता लिफ्टची रांग लावू नका, तिचा वरचा पूल कार्मुच्या बाजूनेच आहे. किल्ल्याकडे जायला रुआ दुस फांकैरुसवर एका इमारतीत फुकट लिफ्ट आहे, ती रुआ दा मादालेनाला सोडते, आणि पुढे थोडं चालून एका सुपरमार्केटच्या इमारतीत दुसरी लिफ्ट.

दुसऱ्या सकाळी बेलेम. जेरोनिमुस मठात गामाचं थडगं दारातून आत गेल्यावर लगेच आहे. तो १५२४मध्ये कोचीला मेला, आणि अवशेष या मठात १८८०मध्ये आणले. मनोऱ्यावर चढायची गरज नाही, जिना अरुंद आहे आणि दुरुस्तीसाठी तो बंदही ठेवतात. बाहेरून एका बुरुजाखाली कोरलेलं गेंड्याचं डोकं शोधा. गुजरातच्या सुलतान मुजफ्फरशहाने दिलेला गेंडा १५१५मध्ये इथे जहाजातून उतरला होता.

थोडं राहिलं. माझं सगळं अण्णांवरून आहे. तुमच्या आईंना बागा, राजवाडे आवडत असतील तर एकाने त्यांना सिंत्र्याला न्यावं. आमची आई तिथे खरंच खूश होती, रोसिउ स्टेशनवरून गाडीने पाऊण तासात जाता येतं. पाऊस असेल तर तिथल्या काळ्या-पांढऱ्या दगडी फरशा फार घसरतात, रबरी तळाचे बूट घालायला लावा. ग्लोरिया फ्युनिक्युलरला (चढावर दोराने ओढली जाणारी गाडी) सप्टेंबर २०२५मध्ये मोठा अपघात झाला, त्यामुळे अशा गाड्यांचं काय चालू आहे ते तिथे गेल्यावर विचारा. सोमवारी बरीच संग्रहालयं बंद असतात, तुमचे दोन दिवस कोणते ते त्या हिशोबाने ठरवा. आणि त्या तळघराची नोंदणी आजच करून टाका, इंग्रजीतला गट मागा, जागा लवकर भरतात.