एका कन्सोलच्या किमतीवरून एवढा संताप?

‘मॅडम, खेळण्याच्या किमतीवरून मुलगा दोन दिवस धड जेवला नाही. हे बरं लक्षण आहे का?’ न्यू जर्सीत राहणाऱ्या एका मराठी आईने एप्रिल २०२५मध्ये माझ्या समुपदेशनाच्या ऑनलाइन सत्रात विचारलेला हा प्रश्न थोड्याफार फरकाने अनेक पालक विचारतात. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

मुलगा एकोणीस वर्षांचा, कॉलेजात शिकणारा आणि शनिवार-रविवारी दुकानात काम करणारा. २ एप्रिलला निन्टेंडो या जपानी कंपनीने ‘स्विच २’ हा व्हिडिओ गेम खेळण्याचा नवा कन्सोल ऑनलाइन कार्यक्रमात सादर केला, तेव्हा तो सकाळी नऊच्या ठोक्याला लॅपटॉपसमोर बसला होता. आधीचा स्विच २०१७ साली २९९.९९ डॉलरला आला होता, त्यावरून अंदाज बांधून त्याने ४०० डॉलर साठवले होते.

पहिल्या भेटीत किमतीचा विषय मी मुद्दामच बाजूला ठेवला आणि कार्यक्रमात काय काय पाहिले, ते क्रमाने सांगायला लावले. तो भरभरून बोलला. ‘मारिओ कार्ट वर्ल्ड’ या गाड्यांच्या शर्यतीच्या गेममध्ये एकाच शर्यतीत चोवीस जण उतरू शकतात आणि कंट्रोलरवरचे ‘सी’ बटण दाबले की खेळता खेळता मित्रांशी बोलता येते, हे सांगताना त्याचा आवाज चढला. शाळेतला जिवलग मित्र टेक्ससला गेल्यापासून दोघांचे बोलणे विरळ झाले होते आणि त्या तासाभरात याने मनातल्या मनात त्याच्याबरोबरचे सगळे शनिवार ठरवून टाकले होते.

कार्यक्रमात किमतीचा उच्चारही झाला नव्हता. ती नंतर कंपनीच्या संकेतस्थळावर दिसली : कन्सोल ४४९.९९ डॉलर, सोबत हा गेम घेतल्यास ४९९.९९ आणि गेम सुटा घेतल्यास ७९.९९. आनंद ऐन भरात असताना हिशेब समोर आला, म्हणून त्याला ती महागाई न वाटता फसवणूक वाटली. किंमत आधी कळली असती तर तो नाराज झाला असता, पण इतका दुखावला नसता, असे माझे मत आहे.

पुढच्या दोन दिवसांत कंपनीने गेम खेळून दाखवणारी थेट प्रक्षेपणे केली आणि त्यांच्या चॅटमध्ये ‘किंमत कमी करा’ या मागणीचा अक्षरशः पूर आला. हाही रात्री उशिरापर्यंत तेच लिहीत होता. समदुःखी भेटले की माणूस हलका होतो हे खरे, पण तिथे प्रत्येक जण आधीच्यापेक्षा चढ्या आवाजात बोलत असल्यामुळे राग ओसरायला वावच राहत नाही. त्यातच आयात शुल्काच्या अनिश्चिततेमुळे ९ एप्रिलची अमेरिकेतली आगाऊ नोंदणी पुढे ढकलली गेली आणि किंमत आणखी वाढेल, या धास्तीची भर पडली.

आईला मी सांगितले, की आठवडाभरात ओसरणारा संताप हा आजार नव्हे. मात्र झोप, वर्ग आणि काम सुटू लागले, कर्ज काढून खरेदी झाली किंवा घरातल्यांवर हात उगारला गेला, तर मदत घ्यायला थांबू नये. ‘एवढ्याशा गोष्टीसाठी’ हे शब्द टाळावेत आणि गेमसह कन्सोलसाठी कमी पडणारे शंभर डॉलर देऊन विषय मिटवण्याची घाईही करू नये, हेही सुचवले. (दुसरी सूचना वडिलांना पटली नाही.) मुलाने चॅट वाचणे काही दिवस थांबवले आणि मित्राला स्वतःहून फोन केला. मित्राकडेही तेवढे पैसे नव्हते, त्यामुळे जुन्या स्विचवरच त्यांचे शनिवार सुरू झाले.

नोंदणी २४ एप्रिलला सुरू झाली, तेव्हा कन्सोलची किंमत तीच होती. ५ जूनला विक्री सुरू झाल्यावर पहिल्या चार दिवसांत जगभरात ३५ लाखांहून अधिक कन्सोल खपले आणि मुलगा पुन्हा माझ्यासमोर आला. या वेळी राग कंपनीवर नव्हता. चॅटमध्ये त्याच्याबरोबर ओरडणाऱ्यांपैकी काही जण आता खोक्यांचे फोटो टाकत होते. आपण एकटेच मूर्ख ठरलो का, असे त्याने विचारले आणि ते सत्र पहिल्यापेक्षा लांबले.