'लेट ऑर हिंडरन्स' आणि जुन्या इंग्रजीतील जोड्या

प्रश्न असा आहे की, जुन्या इंग्रजी गद्यपद्यात 'नल अँड व्हॉइड' (रद्दबातल), 'लेट ऑर हिंडरन्स' अशा समानार्थी शब्दांच्या जोड्या वारंवार का भेटतात, आणि 'लेट' म्हणजे 'होऊ देणे' असताना तो अडथळ्याच्या अर्थाच्या 'हिंडरन्स'शेजारी कसा येऊन बसला.

दुसऱ्या भागाचे उत्तर सोपे आहे. प्राचीन इंग्रजीत 'होऊ देणे' आणि 'अडवणे' या अर्थांची दोन वेगळी क्रियापदे होती. उच्चार झिजत जाऊन दोन्हींचे 'लेट' झाले. शेक्सपिअरच्या नाटकात भुतामागे जायला निघालेला हॅम्लेट आपल्याला धरून ठेवणाऱ्या सोबत्यांना बजावतो की, जो मला 'लेट' करील त्याचेच भूत करीन. तिथे अर्थ अडवण्याचाच आहे. पुढे हा अर्थ मागे पडला, पण जोडीच्या आधाराने तगला. आपल्या भारतीय पासपोर्टवरील राष्ट्रपतींच्या नावाची विनंती पाहावी: 'रिक्वेस्ट अँड रिक्वायर', 'लेट ऑर हिंडरन्स', 'असिस्टन्स अँड प्रोटेक्शन' अशा तीन जोड्या त्या एकाच वाक्यात आहेत.

पहिल्या भागाचे उत्तर बहुतेक ठिकाणी ठरावीक मिळते: 1066 मध्ये फ्रेंच बोलणारे नॉर्मन इंग्लंडात राज्यकर्ते म्हणून आले, दरबारात फ्रेंच आणि गावात इंग्रजी अशी स्थिती झाली, आणि दोघांनाही कळावे म्हणून लेखनिक दोन्हींकडचा एकेक शब्द ठेवू लागले. 'विल अँड टेस्टमेंट' (मृत्युपत्र) किंवा 'ब्रेकिंग अँड एंटरिंग' (घरफोडी) यांना हे लागू पडते, आणि 'कागदपत्र', 'धनदौलत' ही फारसी-संस्कृत वळणाची जोडी वापरणाऱ्या आपल्याला ते चटकन पटतेही. परंतु 'कामधंदा' मध्ये दोन्ही शब्द घरचे आणि 'अक्कलहुशारी' मध्ये दोन्ही बाहेरचे आहेत, हे लक्षात घेतले की शंका येऊ लागते. इंग्रजीतही तसेच आहे. यॉर्कचा आर्चबिशप वुल्फस्टन याने 1014 च्या सुमारास, म्हणजे नॉर्मन येण्याच्या अर्धशतक आधी दिलेल्या प्रवचनात 'हेरे अँड हुंगर', म्हणजे सैन्य आणि उपासमार, अशा अनुप्रासाच्या जोड्या आहेत. शिवाय 'वारंवार' या अर्थाचे दोन शुद्ध देशी शब्दही त्याने शेजारी शेजारी ठेवले आहेत. 1552 च्या इंग्लिश प्रार्थनापुस्तकात 'अॅक्नॉलेज अँड कन्फेस' (मान्य करणे आणि कबूल करणे) ही मिश्र जोडी आहे खरी, पण त्यापाठोपाठच्या पापकबुलीतील 'अर्ड अँड स्ट्रेड' (चुकलो आणि भरकटलो) चे दोन्ही शब्द फ्रेंचमार्गे आलेले आहेत. शेतकऱ्याला समजावे म्हणून दुसरा शब्द घातला, हे तिथे म्हणता येत नाही. सामूहिक प्रार्थनेत सर्वांना एका श्वासात म्हणता येईल असा ताल हवा असतो, आणि कायद्याच्या लेखात पळवाट राहू नये म्हणून दोन्ही शब्द हवे असतात. मला ही दोन कारणे भाषांतराच्या कारणापेक्षा वजनदार वाटतात.

तालाचा पुरावा शब्दांच्या क्रमातही दिसतो. 'लेट ऑर हिंडरन्स', 'साउंड अँड फ्युरी', 'स्लिंग्ज अँड अॅरोज' (गोफणी आणि बाण) यांत आखूड शब्द आधी येतो. पाणिनीने द्वंद्व समासासाठी 'अल्पाच्तरम्', म्हणजे कमी स्वरांचे पद आधी, असे सूत्रच घातले आहे. इंग्रजीत याला अपवाद पुष्कळ आहेत, पण कल तोच आहे.

शेक्सपिअरच्या जोड्या क्रमाच्या तालात बसल्या तरी समानार्थी जोड्यांच्या हिशेबात मात्र बसवू नयेत. 'साउंड अँड फ्युरी' हे समानार्थी शब्द नाहीत. आशय 'संतापाचा आवाज' असा आहे, पण विशेषणाला नाम करून 'आणि'ने जोडले आहे. अलंकारशास्त्रात याला 'हेंडायडिस', म्हणजे ग्रीकमध्ये 'दोहोंतून एक', म्हणतात. जॉर्ज राइट या अभ्यासकाने 1981 मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात एकट्या 'हॅम्लेट'मध्ये अशा 66 जागा मोजल्या आहेत. 'माझ्या मेंदूचे बुक अँड व्हॉल्यूम' यात ग्रंथ आणि त्याचा विस्तार एकमेकांत मिसळतात, म्हणून मराठीत 'पोथीपुस्तक' असे उरकून चालणार नाही. 'व्हिप्स अँड स्कॉर्न्स ऑफ टाइम' ही जोडी मी स्वतः या गटात धरणार नाही. फटके निराळे, अवहेलना निराळी, आणि हॅम्लेटची तक्रार दोन्हींबद्दल आहे.