अ‍ॅसिडचा कॅरबॉय फुटला तर आधी पाणी मारायचं की कॉस्टिक टाकायचं?

दोन्ही नाही. तुम्ही लिहिलंय की रबाळ्यात छोटा गाळा आहे, ९८ टक्के सल्फ्युरिक अ‍ॅसिडचे चार-पाच कॅरबॉय (प्लास्टिकचे मोठे कॅन) असतात, सुपरवायझर म्हणतो पाणी मारा, मेंटेनन्सवाला म्हणतो कॉस्टिक सोडा टाका, आणि स्पिल किट, म्हणजे सांडलेलं आवरायचं सामान, कोणतं घ्यावं हेही विचारलंय. 'पाणी मारा'वाल्यांशी माझं जुनं भांडण आहे, त्यामुळे उत्तर लांबणार.

महाप्याच्या एका युनिटमधला प्रकार घ्या. अर्धा भरलेला कॅरबॉय हातगाडीवरून घसरला, बुडाला तडा गेला, पंचवीसेक किलो अ‍ॅसिड कोब्यावर आलं. घनता १.८४, म्हणजे फार तर चौदा लिटर. हे अ‍ॅसिड जाडसर असतं, धावत नाही, सावकाश सरकतं. रेती आणायला तेवढा वेळ पुरला असता. पण फोरमन जुना माणूस, त्याने थेट होज उघडला. पाणी पडल्याबरोबर थारोळं तापलं, वाफ आली आणि अ‍ॅसिडचे शिंतोडे गुडघ्यापर्यंत उडाले. चौदा लिटरचं पाचशे लिटर झालं आणि दाराबाहेरच्या पावसाळी गटारात गेलं. हे गटार ईटीपीला, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्रकल्पाला जात नाही, नाल्यातून खाडीला जातं. गटारावरच्या लोखंडी जाळीभोवती बारीक बुडबुडे यायला लागले, तर लोक म्हणाले फेस आहे. तो हायड्रोजन होता. ९८ टक्के सल्फ्युरिक एमएसच्या (साध्या पोलादाच्या) टाकीत निवांत राहतं. पातळ झालं की तेच लोखंड खातं आणि हायड्रोजन सोडतं. शेजारच्या गाळ्यात वेल्डिंग चालू नव्हतं, हे नशीब.

म्हणून क्रम असा. माणसं वाऱ्याच्या वरच्या अंगाला काढा. आत जाणाऱ्याने गॉगल आणि त्यावर फेस शील्ड, पीव्हीसी सूट, गमबूट घालायचे. पँट बुटाच्या बाहेरून. आत खोचली तर ओघळ थेट बुटात जातो. डिस्पोजेबल नायट्राइल हातमोजे या अ‍ॅसिडपुढे टिकत नाहीत, जाड निओप्रिन किंवा ब्युटाइल हवेत. एक जण आत, दुसरा तसाच तयार होऊन बाहेर. कॅरबॉय अजून गळत असेल तर तडा वर येईल असा फिरवा, जमलं तर प्लास्टिकच्या ट्रेमध्ये ठेवा. मग आधी गटाराचं तोंड बंद करा, रेतीच्या पिशव्या किंवा रबरी मॅट टाकून. थारोळ्याकडे त्यानंतर. कडेने कोरड्या रेतीचा बांध घाला. रेती ओली असली तर पुन्हा तोच होजचा प्रकार, आणि पावसाळ्यात उघड्यावरची बादली ओलीच असते.

बांध झाला की सोडा अ‍ॅश (सोडियम कार्बोनेट). कडेकडून आत, थोडी थोडी, फेस बसू देत. हिशेब सोपा: एक किलो ९८ टक्के सल्फ्युरिकला साधारण १.१ किलो सोडा अ‍ॅश. पंचवीस किलोला २७-२८ किलो, म्हणजे ५० किलोची एक गोणी पुरून उरते. पण एवढ्यातून सहाएक घनमीटर कार्बन डायऑक्साइड निघतो. शटर वर, पंखे चालू, आणि पोटमाळ्याखाली कोंडलेल्या जागेत वाकून बसू नका. विझवलेला चुनाही चालतो, फक्त जिप्समचा थर धरतो आणि खाली अ‍ॅसिड तसंच राहतं, म्हणून ढवळावं लागतं. कॉस्टिक का नको? उष्णता भसकन निघते, आणि हात जड पडला तर अ‍ॅसिडच्या जागी कॉस्टिकचं थारोळं उरतं. सोडा अ‍ॅश जास्त पडली तर पीएच अकराच्या आसपास जातो, तेवढं निस्तरता येतं.

पीएच पेपर ६ ते ८ दाखवायला लागला की प्लास्टिकच्या फावड्याने एचडीपीई (जाड प्लास्टिकच्या) ड्रममध्ये भरा. झाकण लगेच आवळू नका, आत गॅस चालू असतो, ड्रम फुगतो. हा माल कचराकुंडीत नाही. घातक कचरा म्हणून लेबल लावून तळोज्याच्या प्रकल्पाकडे. पाणी सगळ्यात शेवटी, फरशी धुवायला, तेही ईटीपीकडे.

अंगावर उडालं तर मात्र पाणी सगळ्यात आधी, भरपूर, निदान १५ मिनिटं. शॉवरखालीच कपडे उतरवा, लाजू नका. डोळ्यात गेलं तर पापण्या बोटांनी उघड्या धरून धुवा. कातडीवर सोडा चोळणारे लोक अजून आहेत. भाजण्यात भर घालतात, दुसरं काही नाही. धुऊन झाल्यावर १०८. ऐरोलीचं नॅशनल बर्न्स सेंटर तुमच्यापासून फार लांब नाही.

भुशाचं पिंप अ‍ॅसिडशेजारी ठेवणाऱ्यांना माझा हात जोडून नमस्कार. सल्फ्युरिकने भुसा काळा पडतो, तापतो. नायट्रिकने पेटतो, वर तांबूस धूर. तो धूर ज्याच्या छातीत गेला त्याला संध्याकाळी बरं वाटतं आणि रात्री किंवा दुसऱ्या दिवशी फुप्फुसात पाणी भरतं. त्याला घरी पाठवायचं नाही, दवाखान्यात देखरेखीखाली ठेवायचं.

हे सगळं सल्फ्युरिकचं झालं, सगळ्या अ‍ॅसिडना लावू नका. ३० टक्के हायड्रोक्लोरिकला किलोमागे साडेचारशे ग्रॅम सोडा अ‍ॅश पुरते, पण वाफांसाठी अ‍ॅसिड गॅसचा मास्क हवा. हायड्रोफ्लोरिक असेल तर रेतीही नको, आणि अंगावर उडाल्यास लावायचं २.५ टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट जेल जवळ नसेल तर ते अ‍ॅसिड आणूच नका. शेजारी हायपोचे (सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे ब्लीचचे) कॅरबॉय असतील तर आजच हलवा, हायपो आणि अ‍ॅसिड एकत्र आले की विषारी क्लोरीन. आणि टँकर किंवा टाकी फुटली तर ही गोणी-फावड्याची कामं करू नका. बाहेर पडा, १०१ किंवा ११२.

किटचं राहिलं. पांढरे पॅड फक्त तेलाचे, अ‍ॅसिड शोषत नाहीत. केमिकलचे पिवळे घ्या, तेही ९८ टक्के सल्फ्युरिकला चालतात असं विक्रेत्याकडून लेखी घेऊन. तुमच्या साठ्याला दोन गोणी सोडा अ‍ॅश आणि झाकणबंद पिंपात कोरडी रेती जास्त कामाची. ती कुलपात ठेवू नका. किल्ली स्टोअरकीपरच्या खिशात असते आणि तो रात्रपाळीला नसतो.