नवीन बाईक आणि दहावीचं वर्गसमीकरण
अरे दहावीत मीही विचारायचो, ह्या वर्गसमीकरणांचा उपयोग काय, पण तू आता बाईक घेतलीयस ना, मग उपयोग तिथेच आहे बघ. ब्रेक दाबल्यावर गाडी थांबायला लागणारं अंतर स्पीडच्या वर्गाच्या पटीत वाढतं, म्हणजे कोरड्या रोडवर ४० ला साधारण ९ मीटर धर, तर ८० ला १८ नाही, ३६ लागतात! वर ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद जरी गेला तरी ८० ला २२ मीटर आधीच गेलेले असतात (हे मात्र सरळ प्रमाणात). पावसात टायरची रोडवरची पकड कमी, आणि ब्रेकच्या अंतराच्या सूत्रात (स्पीडचा वर्ग वर, पकड खाली) ती छेदात, म्हणून अंतर अजून वाढतं. ६० वरून ५० वर आलास तरी ब्रेकचं अंतर ३० टक्के कमी होतं, एकदा स्वतः आकडे टाकून बघ.