परदेशात खाद्यपदार्थ निर्यात करताना तिथले आयात नियम कसे पाळायचे?

लेबल छापण्याआधीच तपासा. नंतरची दुरुस्ती महाग पडते. अमेरिकेत दूध, अंडी, मासे, कोळंबी-खेकडे, शेंगदाणे, बदाम-काजूसारखी कवचफळे, गहू, सोयाबीन आणि १ जानेवारी २०२३ पासून तीळ, एवढे ॲलर्जीकारक घटक स्पष्ट लिहावेच लागतात. मसाल्याच्या मिश्रणातले तीळ सहज नजरेतून सुटतात, तेवढं जपा. कारखान्याची एफडीएकडे (अमेरिकेचं अन्न व औषध प्रशासन) नोंदणी आणि अमेरिकेतला एजंट हवा. नूतनीकरण दर सम वर्षी, ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये. शिवाय प्रत्येक खेपेची पूर्वसूचना: जहाजाने माल पोहोचण्याच्या किमान ८ तास आधी, विमानाने ४ तास.

युरोपीय संघात कीटकनाशकांचे अवशेष जास्त छळतात. ज्या कीटकनाशकाची वेगळी मर्यादा ठरलेली नाही, त्याला किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम ही मर्यादा. म्हणून प्रत्येक बॅचचा नमुना कंटेनर भरण्याआधीच मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून तपासून घ्या.