राईड बाबाची, पोटदुखी लेकीची

आई एकटीच आली होती. खुर्चीत नीट टेकायच्या आधीच बोलायला लागली. "मॅडम, पुढच्या महिन्यात लेकीला आठ पूर्ण होतील. वाढदिवसाला खोपोलीला इमॅजिकात, त्या मोठमोठ्या राईड्सच्या पार्कात, न्यायचं ठरवलंय. सहा महिने नुसती नाचत होती. आता दिवस जवळ आले तर रोज पोट दुखतं म्हणते. डॉक्टरांनी तपासलं, काही निघालं नाही. हे म्हणतात नाटकं आहेत, एकदा राईडमध्ये बसवली की भीती पळून जाईल. जबरदस्तीने न्यायचं की रद्द करायचं, तेवढं सांगा."

मी मुलांची समुपदेशक, त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे वेगवेगळ्या वेषांत येत असतो. कधी राईडऐवजी गॅदरिंगचा नाच असतो, कधी पोहण्याचा क्लास, कधी पहिला विमानप्रवास. (पालकांच्या परवानगीने, ओळख पटेल ते सगळं बदलून लिहिते आहे. मुलीला इथे चिमू म्हणू.)

'नाटक' या शब्दाशी माझं जुनं भांडण आहे. मन धास्तावलं की पचन मंदावतं, पोटाचे स्नायू आखडतात, आणि दुखतं ते खरंच दुखतं. आठ वर्षांच्या मुलाला 'मला काळजी वाटते' हे वाक्य सुचत नाही. 'पोट दुखतं' हे मात्र दुसऱ्या वर्षापासून पाठ असतं. म्हणून आईला एकच काम दिलं: आठवडाभर पोट कधी दुखतं ते कॅलेंडरवर लिहा. वेळ आणि त्या वेळी घरात काय चाललं होतं, बस्स.

आठवड्याने कॅलेंडर आलं. सकाळी शाळेत जाताना पोट ठणठणीत. दुपारी ठणठणीत. दुखणं साडेसातनंतर, म्हणजे बाबा ऑफिसमधून येऊन, मोबाईल उघडून "हे बघ, यात बसायचंय आपल्याला" म्हणायचे तेव्हा.

इथे माझा अंदाज चुकला. मला वाटलं, व्हिडिओ बघून घाबरते आहे. तिथली 'नायट्रो' म्हणजे पाय अधांतरी ठेवून माणसाला उलटंपालटं करणारी रोलर कोस्टर. मोठ्यांच्याही पोटात गोळा येतो. मग आमची नेहमीची वाट धरली. छोट्या भीतीपासून मोठ्या भीतीकडे, पायरी पायरीने, प्रत्येक पायरीवर मुलाला थांबायची मुभा. पहिली पायरी पेशवे पार्कातली फुलराणी, म्हणजे मुलांची छोटी आगगाडी. १९५६ पासून पुण्याची पोरं तिच्यात बसत आली आहेत, तिला कोण घाबरणार? नंतर नवरात्रात चतु:शृंगीच्या जत्रेतला लहान पाळणा, मग मोठा.

चिमू मोठ्या पाळण्यात सलग दोनदा बसली. वर गेल्यावर हात सोडून ओरडली म्हणे. आई मला फोनवर हे आनंदाने सांगत होती आणि माझी पायऱ्यांची योजना जागच्या जागी कोसळत होती. पोरीला उंचीची भीती नव्हतीच. आणि त्या रात्री साडेसातला पोट पुन्हा दुखलं होतं.

पुढच्या भेटीत प्रश्न विचारणं सोडलं आणि कागद-खडू पुढे केले. "वाढदिवसाचा दिवस काढ." तिने राईडचं मोठं वेटोळं काढलं, त्यात चिमुकली मुलगी. खाली मात्र राईडएवढाच उंच एक माणूस, हातात मोबाईल. मुलीचं तोंड म्हणजे एक सरळ रेघ.

"ही हसत का नाहीये गं?"

"बाबा शूटिंग करतोय ना, तर हसायचं असतं. पण तिला येत नाहीये." मग खडूचा कागद सोलत, माझ्याकडे न बघता म्हणाली, "काकू, मला नाही आवडलं तर? बाबाने वर्षभर पैसे साठवलेत. आत्याला पण माहितीये, मामीला पण. सगळे विचारतात, मज्जा येणार ना."

म्हणजे भीती राईडची नव्हती. आनंदी व्हायच्या परीक्षेत नापास होण्याची होती.

आता बाबांना बोलावलं. आले ते थोडे घुश्श्यातच. "मॅडम, आम्हाला विहिरीत ढकलून पोहायला शिकवलं. काय झालं आम्हाला?" हे वाक्य मी इतक्या वडिलांकडून ऐकलंय की आता त्यावर माझाही प्रश्न तयार असतो. "पाठीला काय बांधलं होतं?" थोडं थांबून म्हणाले, "डबा. पत्र्याचा." "आणि पाण्यात कोण होतं?" "काका. आधीच उतरलेला." आपल्या आठवणीत ढकलणं तेवढं राहतं. डबा आणि काका निसटून जातात.

मग मी विचारलं, ही सहल नेमकी कधी ठरली? सहा महिन्यांपूर्वी, असं उत्तर येईल असं वाटलं होतं. ते म्हणाले, "खरं सांगू? मी दहा वर्षांचा होतो तेव्हा." लातूरकडचं गाव, शेजाऱ्यांचा टीव्ही, त्यावर मुंबईच्या एस्सेलवर्ल्ड या राईड्सच्या पार्कची जाहिरात. गोराईला १९८९ मध्ये ते सुरू झालं आणि पुढची कित्येक वर्षं त्या जाहिरातीने महाराष्ट्रातल्या पोरांची झोप उडवली होती. डोंबिवलीच्या काकांनी मे महिन्यात न्यायचं कबूल केलं. एवढ्या जणांचं तिकीट काही त्यांना झेपलं नाही, मग राणीच्या बागेत नेऊन आणलं. "हत्ती दाखवला मला," ते म्हणाले आणि हसले, पण ते हसणं फार टिकलं नाही. २०२२ मध्ये एस्सेलवर्ल्ड बंद झाल्याची बातमी वाचली त्या दिवशी त्यांनी ठरवलं होतं, आपल्या मुलीचं असं राहून जायला नको.

यात वाईट काहीच नाही. आपल्या राहून गेलेल्या गोष्टी आपण मुलांना देतो, त्यातूनच निम्मं पालकपण चालतं. फक्त मुलीला या गोष्टीचा पत्ता नव्हता. तिला एवढंच दिसत होतं की बाबाचं काहीतरी फार मोठं या एका दिवसावर अवलंबून आहे आणि ते तिने हसून दाखवण्याने पूर्ण होणार आहे. मी म्हटलं, "हत्तीची गोष्ट तिला सांगा. आणि नायट्रोत तुम्ही बसा. तुमच्यासाठी."

बाकी ठरलं ते साधंच होतं, पण विचारणारे पालक पुष्कळ असतात म्हणून लिहिते. वाढदिवस आणि सहल वेगळी केली. वाढदिवसाला मुलावर आधीच पुष्कळ ओझं असतं: सकाळी औक्षण, नवा ड्रेस, दर दहा मिनिटांनी नातेवाइकांचा फोन. त्यात पहाटे उठून एक्सप्रेस-वे, खंडाळ्याचा घाट (चिमूला गाडी लागते, त्याचं औषध डॉक्टरांना विचारून), ऊन, रांगा. थकलेलं मूल दुपारी तीनला रडतं आणि आपण म्हणतो, एवढं केलं तरी हिचं तोंड वाकडं. म्हणून सहल तीन आठवड्यांनी, मधल्या वारी, गर्दी कमी असते तेव्हा. घरी दाराच्या चौकटीवर उंची मोजून ठेवली. बऱ्याच राईड्सना उंचीची अट असते, आणि रांगेत तासभर उभं राहून सगळ्यांदेखत परत फिरवलं जाणं मुलं लवकर विसरत नाहीत. काय काय करायचं ते चिमूने निवडायचं, आणि निवडलेलंही रांगेतून सोडता येईल. तिने बाबाचा हात दोनदा दाबला की काही न विचारता बाहेर. मोबाईल आईच्या पर्समध्ये. नातेवाइकांच्या ग्रुपवर फोटो दुसऱ्या दिवशी.

मोबाईलवर बाबा सगळ्यात जास्त अडले. पंधरा मिनिटं वाद झाला. शेवटी तडजोड: शूटिंग करायचं तर चिमू करेल.

सगळ्याच पोटदुख्या अशा सुटत नाहीत, हेही सांगायला हवं. धास्ती एका सहलीपुरती नसेल, शाळा बुडत असेल, झोप, खाणं आठवडेच्या आठवडे बिघडलं असेल तर कॅलेंडरवर भागवू नका, तज्ज्ञाला गाठा. आणि गोंगाट, झगमगाट ज्या मुलांना मुळातच सोसत नाही त्यांची तयारी अगदी वेगळी करावी लागते.

हत्तीची गोष्ट सांगितली त्या आठवड्यात कॅलेंडरवर दोनच खुणा होत्या. पुढच्या आठवड्यात एकही नाही. वाढदिवसाला चिमूने आजीला घेऊन फुलराणीत बसायचा हट्ट धरला आणि तो पुरवला गेला.

सहलीनंतर आईने मला एक व्हिडिओ दाखवला. चिमू तीन राईड्समध्ये बसली होती, एका रांगेतून हात दाबून बाहेर पडली होती. बाबा नायट्रोत एकटे. व्हिडिओत जवळजवळ सगळं आभाळ आहे, कोपऱ्यात चिमूचा अंगठा, मध्येच खडखडाट करत काहीतरी वरून निघून जातं. बाबा कुठेच दिसत नाही. ऐकू मात्र येतंय: "बाबा, नाही आवडलं तर हात दाब!"