गॅट्सबीकडे एवढा पैसा होता, मग डेझी त्याची का झाली नाही?

एफ. स्कॉट फिट्झजेराल्ड या अमेरिकन लेखकाची ‘द ग्रेट गॅट्सबी’ ही कादंबरी पहिल्यांदा वाचली तेव्हा मलाही हाच प्रश्न पडला होता. डेझी स्वार्थी निघाली, असं म्हणून मी मोकळा झालो. दुसऱ्या वाचनात मात्र सहाव्या प्रकरणातल्या एका प्रसंगापाशी अडकलो.

टॉम ब्युकॅनन, म्हणजे डेझीचा नवरा, दोन ओळखीच्यांबरोबर घोड्यावरून रपेट करताना गॅट्सबीच्या घरी थांबतो. त्यांच्यातली बाई सहज म्हणते, आमच्याकडे जेवायला या ना. आमंत्रण तोंडदेखलं आहे हे निकच्या, म्हणजे गोष्ट सांगणाऱ्या गॅट्सबीच्या शेजाऱ्याच्या, लगेच लक्षात येतं आणि तो नाही म्हणतो. गॅट्सबी मात्र खरंच तयार व्हायला आत जातो. याला कळत कसं नाही, म्हणून टॉम थक्क! हॅट आणि कोट घेऊन गॅट्सबी बाहेर येतो, तोवर मंडळी निघून गेलेली असतात.

माझ्या मते तुमचं उत्तर इथेच आहे. अमेरिकेतल्या दारूबंदीच्या काळात चोरटी दारू विकून त्याने वाडा, गाड्या, पार्ट्या सगळं उभं केलं. वाचनालयातली पुस्तकंसुद्धा खरी, फक्त त्यांची जोडलेली पानं कापलेली नाहीत, म्हणजे कोणी वाचलेलीच नाहीत. पण खाडीपलीकडच्या, टॉम-डेझीसारख्या पिढीजात श्रीमंतांच्या ईस्ट एगमध्ये पैसा किती आहे यापेक्षा तो कधीपासून आहे, याला किंमत. लग्नाआधी डेझीला साडेतीन लाख डॉलरचा मोत्यांचा हार देणाऱ्या टॉमला ‘पैसा आला कुठून’ असं कोणी विचारत नाही. गॅट्सबीच्या बाबतीत सगळेच कुजबुजतात, तेही त्याच्याच पार्टीत, त्याचीच दारू पिऊन.

म्हणून त्याची भूतकाळाची ओढ, पाच वर्षांपूर्वी गमावलेली डेझी परत मिळवण्याची, मला निव्वळ प्रेमवेडेपणाची वाटत नाही. त्याला नुसती डेझी नकोच आहे. टॉमवर आपलं कधीच प्रेम नव्हतं, असं तिने म्हणावं, मग लुईव्हिलला जाऊन तिच्या माहेरून लग्न करावं, जणू मधली पाच वर्षं झालीच नाहीत, असा त्याचा हट्ट. बिचारी डेझी एका दुपारी हॉटेलात टॉमसमोर खरं तेच सांगते : टॉमवरही एकेकाळी प्रेम होतं. तो तिथेच कोसळतो. (ती हॉटेलातली दुपार सावकाश वाचा.)

आणि त्याचा स्वतःचा भूतकाळ? जेम्स गॅट्झ हे नाव, नॉर्थ डकोटा, गरीब आईबाप, सगळं त्याने लपवलेलं. शेवटी म्हातारे वडील गॅट्सबीच्या अंत्यविधीला येतात. त्यांच्या खिशात मुलाच्या वाड्याचा फोटो असतो, दाखवून दाखवून मळलेला. वाडा समोर उभा असताना ते फोटोच दाखवत राहतात. मग मुलाचं लहानपणचं एक जुनं पुस्तक काढतात. त्याच्या शेवटच्या कोऱ्या पानावर पोराने 1906 साली आखलेलं दिवसाचं वेळापत्रक : सकाळी सहाला उठणे, व्यायाम, अभ्यास.